तारीख ठरली कधी, गावात पोचली कधी? जुन्नर-आंबेगावच्या सनावळीतून

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं सनावळ्या पाठ करतात. 4 जुलै 1776, अमेरिकेचं स्वातंत्र्य. 17 सप्टेंबर 1787, अमेरिकेची राज्यघटना. 26 जानेवारी 1950, भारताचं प्रजासत्ताक. एका घटनेपुढे एक तारीख, की पान संपलं. पण कोणताही कायदा किंवा राज्यघटना घेतली की तिला निदान तीन तारखा असतात. ठरलं कधी, अमलात आलं कधी आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांच्या गावात पोचलं कधी. पहिल्या दोन पुस्तकात सापडतात. तिसरी गावात जाऊन विचारावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच.

हे समजून घ्यायला पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फार उपयोगी आहेत. दोन हजार वर्षांचे लेख, फर्मानं, कायदे आणि अधिसूचना या एवढ्याशा मुलखावरून गेल्या आहेत. त्यातल्या काही तारखा इथे क्रमाने घेतल्या आहेत.

नाणेघाट आणि मानमोडी: सालाचा प्रश्न

कोकणातून जुन्नरला चढणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर एक लेणं आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख कोरलेला आहे. यज्ञ कोणते केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, कार्षापण किती, असा तो तपशील. भारतातल्या अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांमध्ये या लेखातले आकडे मोजले जातात. समोरच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी राजघराण्यातली नावं आहेत. नावांखालचे पुतळे मात्र आता जवळजवळ नाहीसे झालेत. इतका काटेकोर हिशेब लिहिणाऱ्यांचं साल आज आपल्याला थेट वाचता येत नाही. अक्षरांच्या वळणावरून अभ्यासक तो लेख साधारण इ.स.पू. पहिल्या शतकातला मानतात.

जुन्नरजवळच्या मानमोडी डोंगरातल्या लेखात उलट परिस्थिती आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाची नोंद तिथे आहे आणि साल स्पष्ट आहे: वर्ष 46. पण 46 कशापासून मोजायचे, हे दगड सांगत नाही. शक संवत धरला तर इ.स. 124 येतं, आणि बरेच अभ्यासक तेच धरतात. तारीख वाचायची तर आधी कालगणना माहीत हवी. पुढच्या नोंदीत हाच प्रश्न एका फार मोठ्या दिवसाबद्दल येतो.

19 फेब्रुवारी 1630

शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला तो दिवस फाल्गुन वद्य 3, शके 1551. अनेक वर्षं वैशाख शुद्ध 2, शके 1549 म्हणजे 6 एप्रिल 1627 ही तारीख प्रचारात होती. लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्धीस आणली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद होती. कवींद्र परमानंदांच्या शिवभारतातही तीच तिथी आहे. वाद दीर्घकाळ चालला. अखेर 2001 मध्ये महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. तेव्हापासून शासकीय शिवजयंती त्या दिवशी शिवनेरीवर होते, आणि अनेक गावं, मंडळं तिथीप्रमाणेही उत्सव करतात.

इथे एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. 19 फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतली आहे. आज आपल्या भिंतीवर असतं ते ग्रेगोरियन कॅलेंडर. त्यात तोच शुक्रवार 1 मार्च 1630 असा येतो. सतराव्या शतकात दोन्ही दिनदर्शिकांमध्ये 10 दिवसांचा फरक होता. गोव्याचे पोर्तुगीज नवी दिनदर्शिका वापरत, सुरत-मुंबईचे इंग्रज जुनी. त्यामुळे महाराजांच्या एकाच स्वारीबद्दल दोघांनी त्याच दिवशी पत्र लिहिलं तरी दोन पत्रांवर 10 दिवसांच्या अंतराने तारखा पडतात. राज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीखही जुन्या पद्धतीचीच.

इंग्रजांनी नवी दिनदर्शिका 1752 मध्ये घेतली. त्या वर्षी 2 सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट 14 सप्टेंबर आला. अमेरिका तेव्हा इंग्रजांची वसाहत होती, म्हणून तिथेही हेच झालं. जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या नोंदीप्रमाणे 11 फेब्रुवारी 1731 चा. त्या नोंदीत वर्ष 25 मार्चला सुरू होई. नव्या हिशेबाने ती तारीख 22 फेब्रुवारी 1732 झाली, आणि अमेरिकेत जन्मदिवस म्हणून तीच रूढ झाली. तिथे तारीख बदलून घेतली, इथे जुनीच ठेवली. दोन्ही पद्धती चालतात. महाराजांच्या जन्माची तिथी तर कोणत्याही कॅलेंडरने हलत नाही. तारखेवरून भांडणाऱ्यांनी एवढं ध्यानात घेतलं तर निम्मा वाद मिटेल, असं मला मनापासून वाटतं.

30 एप्रिल 1657

महाराजांचा जन्म झाला तो किल्ला त्यांच्या हयातीत स्वराज्यात आलाच नाही. शहाजीराजांनी माहुलीला शरणागती पत्करल्यानंतर शिवनेरी मुघलांकडे गेला आणि त्यांच्याकडेच राहिला. 30 एप्रिल 1657 च्या रात्री महाराजांच्या माणसांनी दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहराचा तट ओलांडला. तीन लाख होन, दोनशे घोडे आणि कापड-जडजवाहीर त्यांच्या हाती लागलं. शहर लुटलं, गड मात्र मुघलांचाच राहिला.

1776: इकडे आणि तिकडे

1 मार्च 1776 रोजी पेशव्यांचे कारभारी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात पुरंदरचा तह झाला. त्याच वर्षी 2 जुलैला अमेरिकेतल्या वसाहतींच्या प्रतिनिधींनी इंग्लंडपासून वेगळं होण्याचा ठराव संमत केला. 4 जुलैला जाहीरनाम्याचा मजकूर मान्य झाला आणि बहुतेकांनी सह्या केल्या 2 ऑगस्टला. म्हणजे सगळं जग ज्या दिवशी अमेरिकेचा वर्धापनदिन मानतं, तो मजकूर मान्य झाल्याचा दिवस आहे.

ही दोन प्रकरणं एकमेकांपासून तुटलेली नव्हती. अमेरिकेच्या युद्धात फ्रान्स इंग्रजांच्या विरोधात उतरणार, हे दिसत होतं. 1777 मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला. नाना फडणवीसांनी त्याला मानाने ठेवून घेतलं आणि कंपनीची झोप उडाली. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या तारखाही अशाच थरांच्या आहेत. 17 सप्टेंबर 1787 ला सह्या, 21 जून 1788 ला नवव्या राज्याची मान्यता, 4 मार्च 1789 ला अंमल. नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या दहा दुरुस्त्या 15 डिसेंबर 1791 ला आल्या. आणि गुलाम माणूस या सगळ्याच्या बाहेर होता.

1818 आणि 1878: आधी गड गेले, मग रान

1818 मध्ये इंग्रजी फौजांनी शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन हे जुन्नर परिसरातले किल्ले घेतले. पुन्हा कुणी वर ठाण मांडू नये म्हणून पायऱ्या आणि वाटा सुरुंगाने उडवल्या. चावंडला जाणाऱ्यांना त्या तुटक्या पायऱ्या आजही लागतात. गडांची शिबंदी मोडली. पिढ्यानपिढ्या गडाची राखण करणारे महादेव कोळी बेरोजगार झाले आणि बंडं सुरू झाली. शेजारच्या अकोल्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे त्यातले सर्वांत मोठे नाव. सावकारांच्या आणि सरकारच्या विरोधात त्यांनी हा सगळा डोंगरपट्टा पेटवला. 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं.

या पट्ट्याच्या रोजच्या जगण्यावर सर्वांत खोल परिणाम मात्र लढाईने झाला नाही. तो 1878 च्या भारतीय वन कायद्याने झाला. सरकार एखादं रान राखीव करत असल्याची अधिसूचना काढी. त्या रानावर कुणाचा हक्क असेल त्याने वन जमाबंदी अधिकाऱ्यापुढे दावा मांडायचा. मुदत किमान तीन महिने, आणि ती ठरवणार सरकारी अधिकारी. मुदतीत दावा आला नाही तर हक्क संपला. ज्याला लिहिता-वाचता येत नाही, ज्याचं गाव पावसाळ्यात चार महिने तुटलेलं असतं, त्याला अधिसूचना म्हणजे काय हेच माहीत नसे. हिरडा, मध, सरपण, गुरांची चराई, डोंगरउतारावरची नाचणी-वरईची शेती हे सगळं तोवर वहिवाटीने चालत आलेलं. अशा किती घरांचे हक्क केवळ मुदतीच्या त्या एका तारखेने बुडाले, याची नोंद कुणी ठेवली नाही. 1927 च्या वन कायद्यातही हीच रचना राहिली.

ओतूर, फुले आणि अमेरिका

महात्मा फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेनचा मनुष्याच्या हक्कांवरचा ग्रंथ वाचला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू 1776 च्या जानेवारीत पुस्तिकेतून मांडणारा तोच हा पेन. 1 जानेवारी 1863 ला राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनच्या गुलामांना ती प्रत्यक्ष कळली 19 जून 1865 ला. मधली जवळजवळ अडीच वर्षं ते कागदावर मुक्त होते आणि शेतात गुलाम. 1873 मध्ये फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं, ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली.

सत्यशोधकांचं काम ज्या ग्रामीण भागात खोल रुजलं, त्यात जुन्नर तालुका अग्रभागी होता. ओतूरच्या शेतकऱ्यांनी पुरोहिताशिवाय लग्नं लावली. गावच्या जोशांनी आपला वतनी हक्क बुडाल्याची तक्रार करून कोर्ट गाठलं आणि बाळाजी कुसाजी पाटील यांच्याविरुद्धचं ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं. आपल्या घरचा विधी कोणाकडून करून घ्यायचा, हा प्रश्न भारतात राज्यघटना येण्याच्या साठ वर्षं आधी ओतूरच्या लोकांनी न्यायालयात नेला. आपल्या घटनात्मक इतिहासात ओतूरचं नाव घेतलं जात नाही याची खंत वाटते.

12 डिसेंबर 1930

आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे बाबू गेनू मुंबईत गिरणीकामगार होते. 12 डिसेंबर 1930 ला काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाचा ट्रक अडवताना तो त्यांच्या अंगावरून गेला आणि ते हुतात्मा झाले. वय बावीसच्या आसपास. त्याच वर्षी 26 जानेवारीला देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली होती. राज्यघटना अमलात आणायला पुढे 26 जानेवारी निवडली, ती याच दिवसाची आठवण म्हणून.

26 नोव्हेंबर 1949 आणि 26 जानेवारी 1950

29 ऑगस्ट 1947 ला मसुदा समिती नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा संविधान सभेपुढे मांडला. 26 नोव्हेंबर 1949 ला राज्यघटना स्वीकारली गेली. नागरिकत्व, निवडणूक आयोग अशी मोजकी कलमं त्याच दिवसापासून लागू झाली, बाकीची 26 जानेवारी 1950 पासून. कलम 394 मध्ये हे लिहून ठेवलेलं आहे.

आता आंबेगावच्या पश्चिमेकडचा भीमाशंकर-आहुपेचा पट्टा आणि जुन्नरचा नाणेघाट-आंबोलीकडचा पट्टा घ्या. आदिवासी भागांसाठी राज्यघटनेत पाचवी अनुसूची आहे. अनुसूचित क्षेत्रात एखादा कायदा लागू करायचा की नाही, की बदल करून लागू करायचा, हे ठरवण्याचा अधिकार तिने राज्यपालांना दिला. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, सावकारीला लगाम बसावा, यासाठी नियम करण्याची तरतूद तिच्यात आहे. पण क्षेत्र कोणतं, हे राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं. 1950 च्या आदेशात ब्रिटिश काळापासून 'वगळलेले' वा 'अंशतः वगळलेले' म्हणून नोंदलेले मुलूख प्रामुख्याने आले. पुणे जिल्ह्याचा हा डोंगरपट्टा त्यात नव्हता.

2 डिसेंबर 1985

क्षेत्र वाढवण्याची तरतूद मूळ अनुसूचीत नव्हती. ती 1976 च्या दुरुस्तीने आली. त्यानंतर महाराष्ट्रासाठी राष्ट्रपतींचा नवा आदेश 2 डिसेंबर 1985 ला निघाला. त्यात आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली पश्चिमेकडची गावं नावानिशी आली. पाचवी अनुसूची लिहिली गेली तेव्हा जन्मलेलं मूल त्या वेळी पस्तिशी ओलांडत होतं.

त्याच 1985 मध्ये भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र 130.78 चौरस किलोमीटर, मुख्य ओळख शेकरू. एकाच वर्षात एका आदेशाने या डोंगरावरच्या माणसांना संरक्षण दिलं आणि दुसऱ्याने त्याच डोंगरावरच्या त्यांच्या वापरावर बंधनं आणली. दोन्हींचे हेतू चांगले होते. शेकरू वाचायलाच हवा. पण दोन फायली वेगवेगळ्या खात्यांत फिरल्या आणि त्यांचा मेळ घालायचं काम हिरडा गोळा करणाऱ्या बाईच्या माथी आलं. त्यातच घोड नदीवर डिंभे धरण उभं राहत होतं. तालुक्याला नाव देणारं आंबेगावच पाण्याखाली गेलं; तालुक्याचं ठिकाण घोडेगावला आहे. या विस्थापितांसोबत कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने काम केलं. डोंगरउतारावर दगडी बांध घालून भातखाचरं तयार करण्याच्या पडकईच्या जुन्या रीतीला सरकारी योजनेत जागा मिळवण्याची धडपडही याच भागातली. 2012 मध्ये संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

24 डिसेंबर 1996 ते 4 मार्च 2014

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली आणि पंचायतींना घटनेत जागा मिळाली. अनुसूचित क्षेत्राला मात्र ती आपोआप लागू होत नव्हती. संसदेने वेगळा कायदा करावा, असं कलम 243-ड सांगतं. तो कायदा म्हणजे पेसा, 24 डिसेंबर 1996 चा. त्याने वाडी-पाड्याच्या ग्रामसभेला अधिकार दिले. गौण वनोपजाची मालकी, जमीन संपादनापूर्वी सल्ला, दारूच्या परवान्यावर मत, सावकारीवर नियंत्रण, गावाच्या बाजारांची व्यवस्था. ग्रामसभेला राज्यकारभाराचा पाया मानण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नव्हती. औंध संस्थानाने 1939 मध्येच गावपंचायतींवर उभी अशी राज्यघटना स्वीकारली होती.

पेसा राबवण्याचे महाराष्ट्राचे नियम निघाले 4 मार्च 2014 ला, म्हणजे कायद्यानंतर सतरा वर्षांहून अधिक काळाने. त्याच वर्षी 30 जुलैला आंबेगावातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं आणि 151 माणसं गेली. या पट्ट्यात 2014 म्हटलं की लोकांना माळीणच आठवतं, नियमांची अधिसूचना नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

13 डिसेंबर 2005

वनहक्क कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली 29 डिसेंबर 2006 ला. तो अमलात आला 31 डिसेंबर 2007 ला आणि नियम 1 जानेवारी 2008 चे. तरी गावात सगळ्यांच्या तोंडी असते ती 13 डिसेंबर 2005. त्या दिवशी वनजमीन कसत असाल तर दावा करता येतो. अनुसूचित जमातीबाहेरच्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे त्या तारखेपूर्वीच्या 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. हिशेब मांडला तर 13 डिसेंबर 1930 येतं, म्हणजे बाबू गेनूंच्या हौतात्म्याचा दुसराच दिवस. हा निव्वळ योगायोग आहे, पण आंबेगावात शिकवणाऱ्या शिक्षकाने तो मुलांना जरूर सांगावा. दोन्ही तारखा कायमच्या लक्षात राहतील.

दावे मागवण्याचा अधिकार या कायद्याने ग्रामसभेकडे दिला आहे. मुदत पुन्हा तीन महिन्यांचीच. मात्र कारण लिहून ग्रामसभा ती वाढवू शकते. 1878 च्या तीन महिन्यांवर अधिकाऱ्याचा हात होता, या तीन महिन्यांवर गावाचा आहे. पुराव्याबद्दलही नियम उदार आहेत. जुनी गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, घर-विहीर-बांध-देवस्थान अशा जागेवरच्या खुणा आणि गावातल्या, स्वतः दावेदार नसलेल्या ज्येष्ठांचं लेखी घेतलेलं निवेदन, हे सगळं चालतं. पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर 1885 चं आहे आणि त्यात या दोन्ही भागांची भरपूर माहिती मिळते. वैयक्तिक दाव्याइतकाच सामूहिक वनहक्काचा दावाही महत्त्वाचा. हिरडा, मध, चराई आणि देवराईची राखण त्यातूनच येते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत कुणालाही त्याच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, असंही कलम 4 मध्ये स्पष्ट आहे.

ग्रामसभेचा निर्णय मान्य नसेल तर उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिचा मान्य नसेल तर जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करता येतो. दोन्ही ठिकाणी मुदत 60 दिवसांची आहे. म्हणून दावा नाकारला गेला तर नकार तोंडी घेऊ नये. तो कारणांसह लेखी मागावा, आणि कागद हातात पडला त्या दिवसाची तारीख पोचपावतीवर स्वतः लिहून घ्यावी.